चिठ्ठी, तासगावहून

पॅडवर माझं नाव, खाली एम.बी.बी.एस.,
स्टँडच्या मागे, सकाळी दहा ते दोन.
एवढं छापूनच आलेलं असतं.
पुढच्या बारा ओळींना आज पाऊण तास लागला.

रुग्ण : प्रणोती खराडे, वय सतरा.
वजन चौतीस किलो सहाशे.
नाडी मिनिटाला चव्वेचाळीस.
तीनदा मोजली. घड्याळावर विश्वास बसेना
म्हणून कंपाउंडरचं घड्याळ मागून घेतलं.

हे पत्र खरं तर मागच्या दिवाळीतच जायला हवं होतं.
तेव्हा मी लोहाचं टॉनिक दिलं,
मग ॲसिडिटीच्या गोळ्या, मग जंताच्या.
आणि त्याच्याही आधी, ती पहिल्यांदा आली तेव्हा
काट्यावरून उतरता उतरता मीच म्हणालो होतो,
"वा, बारीक झालीस की! छान."
याला पत्रात रकाना नाही.

आई सांगत होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत :
"शेडातला काटा रात्रीचा चालू राहतोय, डॉक्टर.
मला वाटलं उंदीर.
परवा बॅटरी घेऊन गेले, तर ही उभी.
बेदाण्याच्या काट्यावर, अनवाणी,
लाल आकड्याकडं बघत.
हाक मारली तर दचकली पण नाही."

चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा,
हे इथं पोरांना पाढ्यांच्या आधी येतं.
जाळीवर पसरायचं, सावलीत, वाऱ्याला,
आकसलं की गोडी वाढते, भाव वाढतो.
आम्हीच सांगत आलो, सगळ्यांदेखत,
आणि एक मुलगी नीट ऐकत होती.

पुण्याला फोन लावला.
खाण्याच्या आजारांवरच काम करणारं केंद्र आहे,
नंबर वर्गमित्राकडून मिळाला, तोही चौथ्या प्रयत्नात.
पलीकडच्या बाई घाईत नव्हत्या.
उभी राहिली की चक्कर येते? पाळी कधीपासून नाही?
पोटॅशियम किती?

दोन पूर्णांक आठ.
यांच्या शेडात पोटॅशच्या पिशव्यांची थप्पी छताला टेकलीय.

"मग आधी मिरजेला दाखल करा, आजच. हृदय सांभाळू दे.
आमच्याकडं जागा बावीस दिवसांनी.
आणि घरच्यांना सांगा, एकदम भरवू नका.
इतक्या उपासानंतर ताटभर जेवणसुद्धा जिवावर बेततं."
एकोणतीस वर्षं प्रॅक्टिस करतोय.
मी हे पॅडच्या मागच्या बाजूला लिहून घेतलं,
विद्यार्थ्यासारखं.

आईनं विचारलं, "तिथं असं काय घालणारेत खायला
जे मी घालत नाही?"
भाकरी मोडून, दूध ओतून, शपथा घालून झालेली बाई.
मी म्हणालो, तुमच्या हाताला काही कमी नाही.
तिनं हात उलटे करून पाहिले,
मग पिशवीत ठेवल्यासारखे मांडीवर ठेवले.

तेवढ्यात प्रणोती पहिल्यांदा बोलली.
"मला वाचायचंय."

असं कुणी मागत नाही. पाकीट बंद करायची सवय आहे मला.
दिलं.
ती ओळीवर बोट ठेवून वाचत गेली,
नखं निळसर, मनगटावर बारीक लव.
सातव्या ओळीवर थांबली. पेन मागितलं.
मी लिहिलं होतं : रुग्ण अन्न घेण्यास नकार देते.
तिनं 'नकार देते' खोडलं, एकाच सरळ रेघेनं,
आणि वर, जागा कमी म्हणून बारीक अक्षरात, लिहिलं :
खाता येत नाही.

माझ्या पत्रातली तेवढीच ओळ
निदान म्हणावी अशी.

खाडाखोड तशीच ठेवली, शेजारी सही केली.
मिरजेची गाडी वडाप नको म्हणून
कंपाउंडर भावाची जीप आणायला गेलाय.
बाकावर दोघी बसल्यात, मध्ये पाकीट.
बाहेर एक टेम्पो क्रेट उतरवतोय,
आणि प्रणोती ओठ हलवत मोजतेय,
क्रेट असतील,
किंवा दुसरं काही.
मी विचारलं नाही. तिथं कुणी तरी विचारेल,
ज्याला विचारता येतं.